आधी जेवणाची चौकशी

शैलाताईंना मी पहिल्यांदा भेटले ती फ्रँकफर्टच्या एका इस्पितळात, आणि पाहताक्षणीच मला त्यांचा धाक वाटला. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काही वर्षे बँकॉकला राहून मग जर्मनीत आलेली. थाई उत्तम येते या गुर्मीत दुभाषी व्हायला निघाले होते. ताईंनी एकच विचारले, “बँकॉकबाहेर कुणाशी थाईत भांडली आहेस का?” मी नाही म्हणाले. “मग चल माझ्याबरोबर. पण तोंड उघडू नकोस.”

ताई मूळच्या सांगलीच्या. यजमान साखर कारखान्याच्या यंत्रांचे इंजिनिअर. त्यांच्या नोकरीपायी ताई आधी थायलंडच्या ईशान्य भागात, म्हणजे ईसानमध्ये राहिल्या आणि नंतर जर्मनीत आल्या. ईसानची बोली त्या भाजीवाल्यांशी घासाघीस करत शिकल्या, अगदी शिव्यांसकट! जेवण छान झाले तर बँकॉकचा माणूस ‘अरॉय’ म्हणतो, ईसानचा ‘सॅप’, उत्तरेचा ‘लाम’ आणि दक्षिणेचा नुसते ‘रॉय’. म्हणून ताई दुभाषाच्या कामाला बसल्या की आधी जेवणाची चौकशी करायच्या. उत्तरावरून माणूस कुठला ते कळायचे, आणि जमेल तितके त्याच्याच बोलीत त्या पुढे बोलायच्या. डॉक्टर घड्याळ पाहायचे, ताई पाहायच्या नाहीत.

त्या पहिल्या दिवशी ईसानच्या एका आजींची पोटाची शस्त्रक्रिया होती. लेकीकडे आलेल्या, घाबरून हात जोडून बसलेल्या. तिथल्याच एका बँकॉकच्या परिचारिकेने सगळे प्रश्न विचारून ठेवले होते. सकाळपासून काही खाल्ले का? नाही. सगळी उत्तरे चोख होती. मी विचारले असते तरी हीच उत्तरे आली असती.

भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “आल्झो, चला तर, सुरू करू या.” ताई हलल्या नाहीत. आजींजवळ खुर्ची ओढून त्यांनी खास ईसानी ढंगात विचारले, “काय मावशे, आज काय हाणलंस?” आजींचा चेहराच बदलला. चिकट भात, सुकी मासळी, लेकीने केलेली पपईची कोशिंबीर... सॅप!

ताई ताडकन उठल्या. “थांबा. यांनी खाल्लंय. पोट भरलेलं आहे.”

भूलतज्ज्ञ बाईंचा चेहरा उतरला. भुलीत उलटी होऊन फुप्फुसात गेली असती तर काय झाले असते, ते त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. आजी रडू लागल्या. बँकॉकची भाषा ही साहेबाची भाषा, आणि साहेबासमोर त्याला हवे तेच उत्तर द्यायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. खाल्ले म्हटले तर शस्त्रक्रिया रद्द होईल, लेकीची रजा फुकट जाईल. लेक येईपर्यंत ताई त्यांचा हात धरून बसून राहिल्या, आणि आली तेव्हा तिने रागावू नये म्हणून आधी तिलाच समजावले. पुढे शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “ताई, मला हे काम नको. मला भीती वाटते.”

“अगं, वाटणारच. मला अजून वाटते. तू आत जाताना ती घरी ठेवून येऊ नकोस.”

त्यांनी मला हात धरून शिकवले. माझी मुलगी आजारी असताना डबे पोचवले. मुलगी जर्मनमध्ये उत्तरे द्यायची, ताई मराठीतच दटावायच्या. या सगळ्याचे ऋण फिटणारे नाही.

पण आज ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिताना आनंदापेक्षा धास्तीच जास्त आहे. ताईंना आता ऐकू कमी येते. ज्या कानांनी त्या माणसे ओळखत, ते कान दगा देऊ लागले तसे त्यांनी इस्पितळाची कामे स्वतःहून थांबवली. उद्या मला एकटीने जायचे आहे. रुग्ण दक्षिण थायलंडचा आचारी आहे, हृदयाचे दुखणे आहे, आणि तिकडची माणसे अर्धे शब्द गिळून भरभर बोलतात. मी ताईंना सोबत चला म्हणून विनवले. “आत नाही येणार,” त्या म्हणाल्या, “बाहेर बाकावर बसेन.”

ताई, पंचाहत्तरी गाठलीत, शंभरीही अशीच धडधाकट पार करा, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. माझे मागणे मात्र जरा स्वार्थी आहे. मी थरथरत दार उघडून आत जाईन, तेव्हा बाहेरच्या बाकावर तुम्ही असा. उद्या, आणि पुढची खूप वर्षे.