बुधवारची डबल बेल

चार बायका दर बुधवारी डोळे मिटून बसल्या, की देवाच्या कानावर काय जातं ते देवालाच माहीत. पण किस्से मात्र ढिगाने जमतात! डोळे मिटलेले आणि तोंडं उघडी, दुसरं काय होणार? मी चौथी शिकलेली बाई. लिहायला बसले ते आमच्या एस्तेरमुळे. "रूथताई, तुम्ही बोलता तसंच लिहा," म्हणाली. तर लिहिते. कोणाला राग आलाच तर बुधवारी चारला या, भांडायला मी घरीच असते.

घर म्हणजे स्वारगेटच्या मागे दोन खोल्या. प्रार्थनेला तिघी येतात. सुमनताई, रिटायर्ड शिक्षिका, कसबा पेठेतून चालत. मार्थामावशी ऐंशीच्या, त्यांना ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते पर्समध्ये. का? तर "बॅटरी संपते!" आणि ही एस्तेर, पार्लरवाली, आमच्यात सगळ्यात लहान.

* * *

आमचे हे, सॅम्युएल, बसमध्ये कंडक्टर होते. शेवटची काही वर्षं स्वारगेट ते हिंजवडी. रिटायर झाले तरी तोंडाची ड्यूटी चालूच. मी गॅसपाशी उभी असले तरी मागून "पुढे सरका, पुढे सरका!" सत्तावीस वर्षांच्या संसारात मी एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा बोलले असेन: "अहो, गप्प बसा की!"

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने बघू. बोलतील. कदाचित नाहीही बोलणार."

त्या बुधवारी मी बायकांना म्हटलं, "सत्तावीस वर्षं मागत होते, ते देवाने दिलं बघा एकदाचं."

कोणी हसलं नाही. एस्तेर तर रडायलाच लागली.

मार्थामावशी पुढे वाकल्या. "काय दिलं गं देवाने?"

"शांतता!" मी त्यांच्या कानात ओरडले.

"अरे वा! प्रभूची स्तुती असो!" मावशींनी दोन्ही हात वर केले.

आधी मी हसले. मग सगळ्या. झटका आल्यापासून आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हसत होतं.

* * *

आमच्या चर्चमध्ये विनंत्यांची पेटी असते. ज्याला जी अडचण, त्याने ती चिठ्ठीवर लिहून टाकायची. मी लिहिलं, "माझ्या नवऱ्याला वाचा द्या." पाळकसाहेबांनी उपासनेत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मार्थामावशी धापा टाकत जिना चढून आल्या. "सलाम," म्हणाल्या आणि पर्समधून एक चष्मा काढला. प्रभूत निजलेल्या त्यांच्या मालकांचा!

"घे. त्यांना तिकडे सगळं स्पष्ट दिसत असणार. सॅम्युएलला होईल वाचायला."

"मावशी, वाचा म्हणजे बोलणं! बोलणं पाहिजे त्यांना!"

"मग सरळ मराठीत लिहायचं ना!"

ह्यांनी मात्र खुणेने चष्मा मागून घेतला, डाव्या हाताने नाकावर चढवला आणि पेपर उलटा धरून वाचायला बसले. आवाज नव्हता, पण खांदे गदागदा हलत होते. कसले वाचतायत, हसत होते!

* * *

मी कसब्यात एका काकूंकडे पोळ्या करते. पन्नास वर्षांची झाले, पोळी कधी वाकडी गेली नव्हती. ह्यांचं आजारपण सुरू झालं आणि एकही पोळी गोल होईना. काकू कसब्यातल्याच, त्या कशाला सोडतात! ताटात बघायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "रूथ, आज आफ्रिका केलीस. काल श्रीलंका बरी होती."

एका बुधवारी पाळकसाहेब आले. माझं तोंड बघून म्हणाले, "रूथताई, आतल्या आत ठेवू नका. सगळं देवापाशी मोकळं करा."

"सगळं?"

"सगळं."

भला माणूस! त्यांना काय माहीत?

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. "प्रभू, मी तुझं काय घोडं मारलं होतं? न्यायला तुला बोलक्या माणसाची जीभच सापडली? माझी न्यायचीस! अख्खी चाळ सुखी झाली असती! आता ते नुसते बघत बसतात माझ्याकडे. काय पाहिजे ते मला कळत नाही, आणि मी उगाच त्यांच्यावर खेकसते. खेकसून झालं की मोरीत जाऊन रडते. तुला हे दिसतंय की नाही?" असं बरंच. भाजीवाल्यालाही मी इतकं कधी बोलले नव्हते. शेवटी शब्दच संपले. म्हटलं, "मला जमत नाही आता. तू बघ." आणि बसले.

मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आता आमेन म्हणावं की माफी मागावी?"

सुमनताई म्हणाल्या, "दोन्ही करा. आधी आमेन."

दुसऱ्या दिवशी काकूंनी ताटातली पोळी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "आज कोणता देश?"

"आज नुसती पोळी आहे, काकू."

* * *

ह्यांना काय हवं-नको कळेना, म्हणून एस्तेरने युक्ती काढली. कॉटशेजारी स्टीलचा पेला ठेवला आणि ह्यांच्या डाव्या हातात चमचा दिला. "दादा, एकदा वाजवलं तर नाही, दोनदा वाजवलं तर हो."

कंडक्टरला बेल शिकवते ही पोरगी! एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आयुष्य गेलं त्यात त्यांचं. दोन दिवसांत घराची बस झाली. चहा? टिंग टिंग. भात? टिंग. आणि मी बोलायला लागले, की माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत टिंग! माझ्याच घरात मला स्टॉप!

पण खरी पंचाईत बुधवारी. सुमनताईंची प्रार्थना म्हणजे लांब पल्ल्याची गाडी. कसब्यातून निघणार, शेजारीपाजारी घेणार. स्वारगेटला बहिणीकडे थांबणार, तिथे गुडघेदुखी, सुनेचा स्वभाव वगैरे. मग वाटेतली सगळी आजारी माणसं गोळा करत हिंजवडीला, त्यांच्या मुलाच्या, डॅनियलच्या कंपनीत. त्याची नोकरी, त्याचा साहेब, त्याचं लग्न. तोवर चहा गार.

मी एकदा म्हटलंसुद्धा, "ताई, प्रभूला पत्ते पाठ आहेत."

"असतील. मी खात्री करून घेते."

तर त्या बुधवारी गाडी स्वारगेटला सुनेपाशी अडकली होती. कॉटवरून आवाज आला. टिंग!

सुमनताई चालूच.

टिंग!

"प्रभू, हे कोण वाजवतंय?"

"सॅम्युएलदादा," एस्तेर कुजबुजली. "थांबा म्हणतायत."

"मी प्रभूशी बोलतेय, कंडक्टरशी नाही!"

टिंग!

* * *

सहावा महिना संपत आला. गुरुवारी डॉक्टरांची तारीख होती. ह्यांच्या तोंडून अजून एक अक्षर फुटलं नव्हतं. आदल्या दिवशी, बुधवारी, तिघी आल्या. सगळ्यांची तोंडं उतरलेली. मीच म्हटलं, "बोलले तर बोलले. नाही तर मी दोघांचं बोलते, मला काय जड आहे?" उगाच धीर देत नव्हते हो. खरंच तसं वाटत होतं. काकूंना विचारा, पोळ्या गोल होत्या.

चहा करून झाकून ठेवला. सुमनताईंनी सुरुवात केली. कसबा पेठ झाली. स्वारगेटला बहीण झाली, गुडघे झाले, सून झाली. मार्थामावशींना झोप लागली. मी हल्ली डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करते, देवाची काही हरकत नसते. ह्यांनी चमचा पेल्याजवळ नेला. मला वाटलं, वाजवणार. पण वाजवला नाही. चमचा खाली ठेवला आणि ओठ हलवायला लागले. मी एस्तेरचा हात घट्ट धरला.

"आणि हिंजवडीला, प्रभू," सुमनताईंचं चालूच होतं, "माझ्या डॅनियलच्या ऑफिसात..."

"हिं... हिंजवडी," कॉटवरून आवाज आला. जाड, वाकडा, पण आवाज! "लास्ट स्टॉप. उतरा!"

मार्थामावशी दचकून जाग्या झाल्या, पर्स काखेत मारली आणि उभ्याच राहिल्या. "आलं का गं?"

सुमनताईंनी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"उतरते हो," त्या म्हणाल्या. "आमेन तरी म्हणू द्याल की नाही?"

टिंग टिंग.