फ्रिजच्या दारातली बाटली

रिपोर्टवर सहा औषधांची नावं होती आणि पाचांपुढे ‘आर’. “रेझिस्टंट,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणजे या औषधांनी हा जंतू मरत नाही. दोन दिवस आपण देतोय, तेही यातलंच आहे.”

माझी ओवी सात महिन्यांची. तिच्या पोटातले जंतू रक्तात उतरले होते, त्याला सेप्सिस म्हणतात. परळच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा तिच्या रडण्याला आवाजच उरला नव्हता. टाळू खोल गेली होती.

भरती करतानाच बाईंनी विचारलं होतं, “याआधी काही अँटिबायोटिक दिलंय?”

“नाही,” मी म्हटलं.

खोटं बोलले मी. शेजारी सासूबाई उभ्या, आणि मी चांगली बी.एस्सी. झालेली. लाज वाटली.

खरं असं, की लालबागच्या आमच्या चाळीत औषधाची बाटली साखरेच्या वाटीसारखी घरोघर फिरते. जावेच्या मुलाला खोकल्यासाठी दिलेल्या अँटिबायोटिकची उरलेली बाटली आमच्या फ्रिजच्या दारात होती. ओवीला जुलाब झाले की सासूबाई म्हणायच्या, “अर्धो चमचो दी गो, मागच्या खेपेक लगेच थांबलेले.” मी द्यायचे. थांबले की बंद. असं तीनदा केलं. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू निर्ढावतात, हे आता कळून काय उपयोग!

तो रिपोर्ट बघितल्यावर मी सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, “पहिल्या दिवशी कळलं असतं, तर औषध वेगळं निवडलं असतं.” बस, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उरलेलं एकमेव इंजेक्शन सुरू झालं. ते किडनीला जड, कानांनाही धोका. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी बसून राहिले. शेजारच्या बाईचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. जाताना तिने आपली चादर मला दिली.

सहाव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी ओवीने अंगावरचं दूध ओढलं आणि मी हमसाहमशी रडले. कानांची तपासणी अजून बाकी आहे. मागून टाळी वाजवली की कधी वळते, कधी नाही.

त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली, तर लाज घरी ठेवून जा.

घरी आल्यावर ती बाटली घेऊन मी मजल्यावरच्या प्रत्येक दारात उभी राहिले. “ओवीला हे मी दिलं, आणि डॉक्टरांशी खोटंही बोलले,” म्हटलं. शेवटच्या खोलीतल्या वहिनी नातवाला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मग उठल्या, फ्रिज उघडला आणि आपली बाटली माझ्या हातात दिली.