शालूबाईच्या बाहीवरचा शब्द

कसबा बावड्यात ख्वाजाभाई चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतात. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरांकडे ते अनोळखी नक्षीकडे पाहावं तसं पाहतात. तरी त्यांच्या दुकानात रोज इंग्रजी पेपर येतो.

पूर्वी ते त्याची रद्दीच आणत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप आधी कागदावर कापायचं, त्यावर नाव घालायचं आणि खिळ्याला अडकवायचं, ही त्यांची रीत. इंग्रजी पेपरला पानं जास्त, एवढंच कारण. शेजारच्या जोतीरामची मुलगी अनुजा बँकेच्या परीक्षेला बसू लागली. एकदा तिनं त्या रद्दीतलं एक पान वाचायला मागितलं.

"शिळं कशाला वाचतीस? मला कागद लागतोच की. ताजाच लावू," ख्वाजाभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पेपर सुरू झाला. सकाळी सात ते नऊ कापायचं टेबल अनुजाचं झालं. तिच्या घरी टेबल नव्हतं.

दोनदा ती इंग्रजीतच अडकली होती. "एवढ्या खेपेला बघ, मग पुरं," असं जोतीरामनं सांगून टाकलं होतं. पुस्तकातल्या शब्दांच्या याद्या तिच्या डोक्यात टिकत नसत. बातमीत भेटलेला शब्द टिकायचा. ती त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढायची, आधी अर्थाचा अंदाज करायची, मग मोबाईलवर पाहून पानाच्या काठावर लिहायची. वेगळी वही नव्हती. अकरा महिन्यांचे पेपर टेबलाखाली रचून ठेवलेले, त्यातूनच उजळणी. उठताना रोज म्हणायची, "झालं वाचून, चाचा."

परीक्षेला बारा दिवस उरले असताना एका सकाळी तिनं टेबलाखाली हात घातला, तर गठ्ठा निम्मा झालेला.

"चाचा, पेपर कुठायत?"

"कापलं की. जुनी रद्दी संपली, लगीनसराई हाय. तूच म्हणतीस न्हवं रोज, झालं वाचून?"

वाचून झालेला कागद म्हणजे कापायला मोकळा कागद. शिंप्याला दुसरं काय वाटणार? अनुजानं उरलेला गठ्ठा उपसून पाहिला. तिचा चेहरा पाहून ख्वाजाभाईंच्या हातातली कात्री खाली गेली. त्यांनी खिळ्यावरची सगळी मापं काढून टेबलावर पसरली. शब्द होते, त्यांच्याखालच्या रेघा होत्या. पण काठ केव्हाच केरात गेले होते आणि अर्थ काठांवर होते. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या, गोलाईत वाक्यं अर्धी तुटली होती. आपण अकरा महिने जे जमवलं ते असं कुणाच्या तरी खांद्याच्या आकाराचं उरावं, याचं तिला नुसतं नवल वाटत राहिलं.

"ही बघ पेन्सिलीची रेघ. शालूबाईची बाही," ख्वाजाभाई हळूच म्हणाले. "काय हाय ह्ये?"

"रिलक्टंट."

"म्हंजे?"

मागचे चार शब्द कापलेले, पुढचे तीन शिल्लक. तिनं ते तीन पुन्हा वाचले. "मन न्हाई, पण करायला लागतंय असं."

"बरोबर," ते म्हणाले.

"तुमाला काय कळतंय, बरोबर का चूक?"

"इंग्रजी न्हाय कळत. तुझं तोंड कळतंय. आलं की बघतीस कागदाकडं, न्हाय आलं की छताकडं."

मग बारा दिवस हेच चाललं. ते माप उचलायचे, रेघेवर बोट ठेवायचे, ती सांगायची. "छत!" असं ते ओरडले की ते माप बाजूला, पुन्हा विचारायला. एकदा शालूबाई ब्लाउज न्यायला आली आणि दारातच थांबली.

"आगं बया! माझी बाही वाचायलीस व्हय? माझ्या पाठीवर काय लिवलंय, ते तर सांग!"

"रुंदी," ख्वाजाभाई म्हणाले. "त्याला परीक्षा लागत न्हाय."

शालूबाईनं पिशवीनंच त्यांच्या दंडावर फटका दिला. अनुजा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

परीक्षेत एक मोठा उतारा आला, मधले शब्द गाळलेला. शेजारची मुलगी स्क्रीनवर पुढंमागं करत होती. अनुजाला तुटक्या वाक्याची भीती उरली नव्हती.

निकाल दुपारी लागला. ती धावत दुकानात आली तेव्हा ख्वाजाभाई एका बाईचं माप घेत होते.

"झालं, चाचा! पास!"

टेप तसाच गळ्यात टाकून ते स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, "समदं आलतं?"

"न्हाई. दोन शब्द न्हाई आलं."

"ते दोन..." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी कापलेल्यातलं हुतं काय गं?"

त्यातला एक शब्द तिला पावसाळ्यात कधीतरी पाहिल्यासारखा वाटत होता. कदाचित रेघही ओढली असेल. नक्की आठवत नव्हतं. रोज सकाळी तिच्यासाठी टेबल पुसून ठेवणारा तो माणूस तिच्याकडे पाहत होता आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"न्हाई चाचा," ती त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली. "ते दोन आपल्याकडं आलंच न्हवतं."