नळीत टिकलेला गुलाबी रंग

नळदुर्गच्या हायवेवरचा धाबा पुतण्याच्या हाती दिला, तोवर शिवकांताबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. जन्म सगळा चुलीपुढं उभं राहण्यात गेलेला. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात चाला. गुडघ्यांवर भार येत नाही." म्हणून नवऱ्यानं, महालिंगप्पांनी, घरामागं पेरूच्या झाडांलगत छातीइतक्या पाण्याचा छोटा स्विमिंग पूल बांधून घेतला. लोक हसले. त्यांनी मनावर घेतलं नाही.

पण ते पाणी बाईंना मानवेना. उतरल्या की डोळे चुरचुरायचे, अंगाला खाज सुटायची. पाणी तपासायची पेटी घरात होती. नळीत पाणी घेऊन गोळी टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. यांची नळी कोरीच राहायची. म्हणजे क्लोरीन नाही, म्हणून जंतू, म्हणून खाज, असं समजून महालिंगप्पा रोज क्लोरीनची पावडर ओतायचे. तरी दुसऱ्या दिवशी नळी कोरीच.

एका दुपारी बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. पाण्यात घालायचा हिरवा गाऊन पार पिवळट पडला होता. त्याच्यासोबतच घेतलेला दुसरा, पाण्यात कधी न गेलेला, हिरवागार. बाई थबकल्या. तशाच पुलाकडं गेल्या, नळी भरली, गोळी टाकली आणि या वेळी नजर हलवली नाही. गुलाबी रंग चमकला आणि विरून गेला.

"अहो, इकडं या! रंग येतोय अन् लगीच जातोय."

"म्हंजी न्हायच की क्लोरीन."

"न्हाय कसं? ज्या पाण्यानं गाऊनचा रंग खाल्ला, ते नळीतला ठेवील व्हय? कमी न्हाय, लई झालंय!"

महालिंगप्पांनी कोरी नळी उजेडात धरून पाहिली. "आता मोजायचं कसं?"

"कालवण खारट झालं तर पाणी वाढवतो ना? तसंच. पण नळाचं नको, त्यात बी क्लोरीन असतं."

महालिंगप्पांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. आधी नुसतं तेच तपासलं; रंग आला नाही. मग एक भाग पुलाचं पाणी आणि नऊ भाग ते. नळी गुलाबी झाली आणि गुलाबीच राहिली. रंगाच्या पट्टीवर आकडा जुळला दोनचा. दहापट केली तर वीस! पेटीवर लिहिलं होतं, तीनपर्यंत ठीक.

"असल्या पाण्यात म्या तुला उतरवत होतो गं," म्हणत महालिंगप्पा काठावर बसले.

"तुमी काय करणार? नळीच खोटं सांगत होती."

पावडर बंद झाली. पुलावरचं झाकण काढलं आणि उन्हानं पाण्यातलं क्लोरीन उडू लागलं. बाई आता कोपरभर खोल हात घालून, पाणी आत येतं त्या पाइपापासून लांबचं पाणी घ्यायच्या, गोळीला बोट लागू द्यायच्या नाहीत. एका सकाळी काही न मिसळता घेतलेल्या नळीत गुलाबी रंग आला. बाई बघत राहिल्या. रंग हलला नाही. दोन!

महालिंगप्पांनी स्वतः वेगळी नळी भरली. त्यांनाही दोनच. आम्लतेची तपासणीही बरोबर आली.

"जमलं की गं!" ते असे ओरडले, की पेरूवरचे पोपट उडाले.

बाई पाण्यात उतरल्या. डोळे चुरचुरले नाहीत. कठडा धरून दोन पावलं टाकली, मग हात सोडला आणि छातीनं पाणी रेटत थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकल्या.

"आता हात देऊन बाहेर घेऊ का तुला?" महालिंगप्पांनी विचारलं.

"तुमीच या आत," बाई म्हणाल्या, आणि वळून परत चालू लागल्या.