शून्यावरची खाच

"मॅडम, इंजिनिअर मागून येऊन राहिलेत का?" रफिकशेटनी विचारलं.

"मीच आहे. आधी मशीनचा प्लग काढा."

मी नांदेडला पॉवर टूल्सच्या डीलरकडे सर्व्हिसचं काम करते. कंप्लेंट रफिकशेटच्या उदगीरमधल्या फर्निचरच्या दुकानातून आली होती. पण शेटचा राग मशीनवर नव्हता, माधवमामांवर होता. माधवमामा म्हणजे त्यांचे सगळ्यात जुने मिस्त्री.

"मशीन नवं हाय. मामाची नजर गेली," शेट म्हणाले. "सोमवारपासून देगलूरचा कारागीर बोलावला."

मामा तिथेच उभे होते. त्यांनी नवा चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाले, "हाव. माझाच हात चुकत असंल."

त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हवा होती. एका गिऱ्हाइकाने सरकारी ऑफिसांना भाड्याने द्यायला इमारत बांधून ठेवली होती आणि तिच्या काउंटरांची ऑर्डर शेटकडे होती. प्यायला टँकरचं पाणी, पण जिल्हा मात्र उद्याच येणार! आणि काउंटरच्या चौकटी काही केल्या जुळत नव्हत्या. कोपऱ्यात फट पडायची.

हे मशीन म्हणजे एकात दोन. वर सपाट टेबल. त्यातून पातं थोडं वर आलेलं असतं, फळी पुढे ढकलून उभी चिरायची. खाली गोल फिरणारी बैठक. तिच्यावर फळी ठेवून पात्याचं डोकं हँडलने खाली ओढलं की आडवा काप, बैठक फिरवली की तिरका काप. एका वेळी एकच काम करायचं. खाली कापताना वरच्या पात्यावर गार्ड हवाच. वर चिरताना डोकं खाली पिनने लॉक हवं. हे मी प्रत्येक दुकानात सांगते. सगळे माना डोलावतात आणि पुढच्या खेपेला गार्ड खुंटीला टांगलेला दिसतो. इथे तो जागेवर होता. मामांबद्दल मला तिथेच आदर वाटला.

मी पात्याचा काटकोन तपासला आणि प्लग लावून एक काप घेतला. काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला. एकदम सरळ.

"बघा!" शेट म्हणाले.

मग मामांनी कापलं. वाकडं. केसभरच, पण चौकटीला तेवढं पुरतं. मी पुन्हा कापलं, सरळ. मामांनी कापलं, वाकडं. एकच मशीन, एकच फळी. मी प्लग काढून पातं बदललं. व्होल्टेज पाहिलं. उन्हाने लाकूड आकसलं असेल म्हणून दुसरी फळी घेतली. तेच. मला काही कळेना. डोक्याचा पार भुगा झाला.

तेवढ्यात मामा फळी डाव्या हाताने दाबून सरळ करू लागले. बोटं पात्याच्या अगदी जवळ.

"हात काढा!" मी ओरडलेच. "क्लॅम्प लावा. हात वीतभर लांब."

"शेवटला मौका हाय, पोरी," ते म्हणाले. "जरा दाबून बघतो, सरळ येईल."

मी नांदेडला आमच्या साहेबांना फोन लावला.

"मशीनमध्ये दोष आहे का?"

"अजून सापडला नाही."

"मग माणसात आहे. तसं लिही आणि ये."

मला चीड आली. फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि नुसती मामांचे हात बघत बसले. ते चौकटीचा तिरका काप आधी घेत. त्यासाठी बैठक उजवीकडे फिरवत. मग ती शून्य अंशावर परत आणत आणि सरळ काप घेत. मी मात्र सवयीने दर वेळी बैठक डावीकडे फिरवून मग शून्यावर आणत होते.

बैठकीखाली ठरावीक कोनांना खाचा असतात. स्प्रिंगची पिन खाचेत पडली की बैठक जागेवर अडकते. पिन पूर्ण बसली असेल तर डावीकडून या नाहीतर उजवीकडून, फरक पडत नाही. मी प्लग काढला आणि शून्यावरची बैठक हलवून पाहिली. किंचित हलली. पिन अर्धीच बसत होती, म्हणून उजवीकडून आणली की बैठक केसभर अलीकडेच थांबायची. वाकून टॉर्च मारला, तर तांबड्या मुंग्यांची रांग थेट खाचेत शिरत होती.

"इथं गोड काय सांडलं?"

मामा शेटकडे बघत म्हणाले, "मशीन आलं तवा नारळ फुटला ना."

"मशीनवर?"

"एवढं महागाचं मशीन," शेट हळूच म्हणाले. "म्हटलं उंबऱ्यावर कशाला, त्याच्यावरच फोडावा. मीच फोडला. पाणी लई उडालं."

"धुतलं नाही?"

"धुवायला पाणी कुठं हाय, मॅडम? गमछा फिरवला."

नवं मशीन आलं की इकडे नारळ फुटतोच, मालक कोणत्या धर्माचा हे कुणी विचारत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. म्हणून हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या गोड पाण्यात भुसा बसला होता, वाळून त्याचा दगड झाला होता. शेटनी आपल्या पिण्याच्या ग्लासातलं अर्धं पाणी दिलं. फडकं भिजवून, काडीने खरवडून मी खाच साफ केली, कोरडी केली. पिन टक्कन बसली. मामांनी उजवीकडून बैठक आणून काप घेतला. गुण्याखाली उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

शेटनी देगलूरला फोन केला. "येऊ नको. मिस्त्री हाय माझ्याकडं." मामांकडे न बघता ते चहा सांगायला बाहेर गेले. माफीबिफीचं नाव नाही.

मी हत्यारं पिशवीत भरत होते. मामा जवळ आले. "मशीनचं कळलं, पोरी. पण एवढे दिवस मला माझ्याच हातावर भरवसा न्हवता. रात्री उठून हात बघायचो. ते कशानं धुवायचं?"

मी उगाच पिशवीची चेन ओढत राहिले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "खाच साफ केली." आता कुणी फोनवर सांगितलं की मशीन ठीक आहे, माणूसच बिघडलाय, तर मी विचारते, "बैठक हलवून पाहिली का?"