दे आणि ने

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होते. लोकांना कितीतरी मोठे अनुभव आलेले असतात. माझा एका चुकलेल्या बसचा आहे. शिवाय त्या वर्षी माझी श्रद्धा फार पातळ झाली होती. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ब्रिस्टलला शिकायला आले तेव्हा खोलीतल्या टेबलावर देवीचा फोटो ठेवला, पण त्याच्यासमोर मी उभी राहायचे ती फक्त मागायला. अॅडमिशन दिलीस, आता मार्क दे, व्हिसा दे. मागून झालं की वाटायचं, हे कुणी ऐकतं तरी का?

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मैत्रीण मीराबरोबर चार दिवस कोर्फू या ग्रीक बेटावर गेले. मीरा लंडनच्या एजवेअर भागात जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी, तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट. मला मात्र व्हिसा काढावा लागला, आणि तो नेमका परतीच्या दिवसापर्यंतच मिळाला. "तुझा व्हिसा इतकी छोटी का आहे?" असं ती विचारायची. मी सारखा पासपोर्ट चाचपत असे, म्हणून तिने माझं नाव 'पासपोर्टमावशी' ठेवलं. मुदतीनंतर एक दिवस जरी राहिले, तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते नडेल, ही भीती मला होती. तरी दिवस छान गेले. आम्ही बसनेच हिंडलो. वळणावळणाचे रस्ते, जुनी वाकलेली ऑलिव्हची झाडं, मधूनच खाली दिसणारा समुद्र.

शेवटच्या दिवशी, रविवारी, सामान पाठीला लावून डोंगरावरच्या एका गावातला मठ बघायला गेलो. विमान साडेचारचं होतं आणि शहराकडे परतणारी बस एकची. त्यानंतरची थेट सहाला. एकला बस आली तेव्हा मीरा समोरच्या दुकानात पाणी घेत होती. मी ड्रायव्हरला विचारलं, "टाउन?" तो म्हणाला, "ने." मला ते 'नाही' वाटलं. मी थँक्यू म्हणून मागे सरले. त्याने खांदे उडवले, दार लावलं आणि बस गेली.

मीरा बाटली घेऊन आली. "बस कुठेय?"

"ती आपली नव्हती. तो 'ने' म्हणाला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, ने म्हणजे यस. आत्ताच दुकानवाल्याने सांगितली."

टॅक्सीचे नंबर लावून पाहिले, कुणी उचलेना. मी कट्ट्यावर बसले. सवयीने देवीला काहीतरी मागायला गेले, पण काय मागू ते सुचेना. डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. आपल्या भाषेत ने म्हणजे घेऊन जा. इतकी वर्षं मी तिला दे म्हणत आले, ने असं कधी म्हटलंच नव्हतं. मनात म्हणाले, आई, आता तूच ने. कुठे न्यायचं, कधी न्यायचं, तुझं तू बघ.

काळ्या कपड्यांतल्या एक आजी मघापासून हे सगळं बघत होत्या. त्या उठून निघून गेल्या. थोड्या वेळाने एक जुनी पिकअप आमच्यापुढे थांबली, आणि ती चालवत होत्या त्याच आजी. शेजारच्या सीटवर थाप मारून त्यांनी विचारलं, "एअरपोर्ट?" मी म्हणाले, "ने." मीराला हसू आवरेना.

अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी थांबवली. रस्त्याकडेला खांबावर पेटीएवढं देऊळ होतं. त्या उतरून त्यातल्या दिव्यात तेल घालू लागल्या. "आत्ता?" मीरा कुजबुजली. एरवी मी घड्याळात बघितलं असतं. पण वाऱ्याने त्यांची काडी दोनदा विझली, तेव्हा मी उतरले आणि ओंजळीचा आडोसा धरला. तिसऱ्या काडीला दिवा लागला. आत कोणत्या संताचं चित्र होतं, मला माहीत नाही. मी नमस्कार केला.

विमानतळावर पोचलो तेव्हा वेळ शिल्लक होता. नंतर अधिकाऱ्याने तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पासपोर्ट परत दिला.

आजी शहरात येणारच होत्या की आमच्यासाठीच निघाल्या, हे विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती, आणि आता मला ते कळायलाही नको आहे. ब्रिस्टलला परतल्यावर माझं मागणं संपलं असं नाही. निकालाच्या आदल्या दिवशी पुन्हा 'दे' म्हणालेच. पण मागून झाल्यावर आता थोडा वेळ गप्प उभी राहते, आणि समोर कुणी आहे का, असं मनात येत नाही.

त्या दिवशी विमानतळावर निरोप घेताना मी आजींच्या पाया पडायला वाकले. त्यांना वाटलं, माझं काही खाली पडलं. त्याही गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि माझ्याबरोबर फरशीवर शोधू लागल्या. मी त्यांच्या पायांना हात लावला तरी त्या शोधतच होत्या.