मे महिन्याच्या भरवशावर टायमिंग चेन

सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणी कोंबडा पाळत नाही. गरजच नाही. पहाटे मी आमच्या जुन्या पिकअपला चावी लावली की राक्षसाच्या पोरानं खिळ्यांचा डबा खुळखुळवावा तसा आवाज निघायचा, आणि तलावापलीकडची माणसं दात घासायला उठायची. याच गाडीच्या मागच्या फाळक्यावर बायको आणि मी विमानतळाजवळ, मिहानच्या कंपन्यांच्या एका गेटसमोर, कडुनिंबाखाली तर्री-पोहे विकतो.

मेस्त्रीनं बॉनेटला कान लावला. "टायमिंग चेन ढिली झाली भाऊ. इंजिन खोला लागते, दोन-चार दिवस गाडी ठेवून जा. चेन सरकली तं इंजिनच बसते."

इंजिन बसलं की धंदा बसला, हे मलाही कळत होतं. पण मला भीती होती त्या झाडाखालच्या जागेची. रस्त्यावरची जागा कोणाच्या नावावर नसते. रिकामी दिसली की गेली. आमच्या बाजूला एक आलूबोंडेवाला हातगाडी घेऊन उन्हात उभा असायचा आणि आमच्या सावलीकडे असा पाहायचा, जसा उपाशी जावई पंगतीकडे पाहतो.

म्हणून मीच अक्कल चालवली. इंजिन थंड असताना आवाज जास्त, तापलं की कमी. मग ते थंड होऊच द्यायचं नाही! थंडीभर घरातली एकुलती रजई बॉनेटवर पांघरली, आम्ही दोघं चादरीत कुडकुडलो. पुढचं काम मे महिन्यावर सोडलं. आमच्या मे महिन्यात गच्चीवर टाकलेला पापड वाळत नाही, थेट भाजून निघतो.

"अवो, चेन हाय का कुरडई, उनात ठेवून चांगली व्हाले?" बायकोनं विचारलं.

"पाहत राय वं. मे मंधी इंजिन थंड होईनच कसं?"

मे आला. भिंतीवरच्या पाली नळाखाली रांग लावून बसल्या. इंजिन काही थंड झालं नाही, आणि खडखडही थांबली नाही. उलट आता ती वाटभर सोबत यायची. डोक्यावरून विमान गेलं तरी ऐकू यायचं नाही. एका सकाळी बायकोनं चावीच काढून घेतली.

"जागा गेली तं दुसरी पाहू. इंजिन गेलं तं काय करसान?"

गाडी मेस्त्रीकडे गेली. नवी चेन पडून परत आली ती इतकी मुकी, की चालू आहे हे पाहायला मी उतरून धुराड्यापुढे हात धरला.

दुसऱ्या दिवशी मिहानला पोचलो, तर कडुनिंबाखाली आलूबोंडेवाला. कढई तापलेली, गिऱ्हाईक खाऊन राहिलेलं. मी ब्रेक दाबला.

बायकोनं खिडकीतून मान काढली. "काहून गा भाऊ? चार दिवस नाई आलो तं जागाच धरली?"

तो गोंधळला. "चार दिवस कायचे, वहिनी? तुमी यायच्या आंधी मी रोज इथंच लावतो. वळणावर तुमची गाडी खडखडली का सरकतो. आज आवाजच नाई आला!"

बायको हसत सुटली. "मंग आता सरक."

"कढई गरम हाय वहिनी. अर्धाच सरकतो."

तेव्हापासून वळणावर मी हॉर्न वाजवतो. तो सरकतो. अर्धाच.